बटण फिकट करायचं काम माझ्याकडे आलंय

ताई,

मी २८ वर्षांची, मूळची बार्शीची. पुण्यात एका कर्ज देणाऱ्या अ‍ॅपच्या कंपनीत डिझायनर आहे. मराठी चांगलं आहे म्हणून अ‍ॅपमधला सगळा मराठी मजकूरही माझ्याकडेच असतो. गेल्या तिमाहीपासून आमच्या टीमला विम्याचं टार्गेट आहे. कर्ज घेताना ७९९ रुपयांच्या विम्यावर टिक आधीच केलेली असते, ती काढली तरच विमा जातो. आता पुढची फर्माईश आलीय: ‘विमा नको’ हे बटण करडं करून खाली ढकलायचं आणि त्यावर लिहायचं, ‘नको, मला घरच्यांची काळजी नाही’. मी कुरकुर केली तर मॅनेजर म्हणाले, ‘दोन आठवडे चाचणी केलीय. विमा घेणारे वाढलेत. लोकांना हवाय म्हणूनच घेतात ना?’

त्यातच माझ्या मावशीनं शिलाई मशीनसाठी आमच्याच अ‍ॅपवरून २०,००० रुपये घेतले, मला न सांगता. फोन करून म्हणाली, ‘अगं, १९,२०१च आलेत. बाकीचे कधी येतील?’ मला काय बोलावं सुचेना.

मैत्रीण म्हणते, नोकरी सोड. आई म्हणते, फ्लॅटचा हप्ता कोण भरणार? कॉलेजात आम्ही ‘माणसाच्या भल्यासाठी डिझाइन’ असा अख्खा पेपर दिला होता. ते खरंच कुठे चालतं का, की नफ्याचा विषय निघाला की गुंडाळून ठेवायचं?

– एक डिझायनर, पुणे

---

आधी मावशींचं मार्गी लावू. तुझा प्रश्न आठवडाभर थांबला तरी चालेल, त्यांचा हप्ता थांबणार नाही.

कर्जासोबत त्यांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचं पत्रक आलं असणार. मेलमध्ये असेल, नाहीतर अ‍ॅपच्या कुठल्यातरी कोपऱ्यात. ते तू स्वतः उघडून बघ. व्याज, शुल्क, विमा, सगळं धरून वर्षाचा खरा दर किती पडतो, तो एपीआरचा आकडा त्यात द्यावाच लागतो. पत्रकात नसलेलं शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय मध्येच लावता येत नाही. विमा नको असेल तर आजच कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा, रद्द करून पैसे परत मागा. त्या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क अ‍ॅपवर देणं बंधनकारक आहे, आणि तो कुठे दडवलाय हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार! ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर तक्रार करता येते. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबरही त्यांच्या फोनमध्ये घालून ठेव.

अख्खं कर्जच नको वाटलं तर सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय मोकळं होता येतं. प्रोसेसिंग फी मात्र आधी सांगितलेली असेल तर कापली जाऊ शकते. ही मुदत किमान एक दिवसाची, जास्त किती द्यायची ते कर्ज देणारी संस्था ठरवते. मावशींनी मशीन घेतलं असेल तर हा रस्ता बंद झाला असं समज. विम्याचे ७९९ तेवढे सोडू नका.

आता त्या ७९९ रुपयांकडे जरा नीट बघू. कारण तुझ्या मीटिंगमध्ये ‘फक्त ७९९’ असंच म्हटलं जात असणार.

समज, २०,००० चं कर्ज, सहा मासिक हप्ते, व्याज वर्षाला २४ टक्के. हप्ता येतो साधारण ३,५७० रुपये. विमा आधीच कापून हातात आले १९,२०१. हप्ता मात्र पूर्ण वीस हजारांवरच बसलेला, तोच ३,५७०. आता हातात आलेल्या रकमेवर हिशेब कर. खरा दर ३८ टक्क्यांच्या पुढे जातो. २४ चं कर्ज एका टिकेनं ३८ चं झालं. कर्ज लहान आणि मुदत कमी, की असल्या किरकोळ दिसणाऱ्या रकमेचा दात जास्त खोल लागतो. ज्याला २०,००० लागतात त्याच्याच वाट्याला हे येतं. पाच लाख घेणाऱ्याला ७९९ कळतही नाहीत. आणि विम्यासारखी कर्जदाराकडून वसूल केलेली रक्कमही एपीआरमध्ये धरायची आणि वेगळी दाखवायची, हे रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२४ च्या परिपत्रकातच सांगून ठेवलंय. म्हणजे हा ३८ चा आकडा तुमच्याच पत्रकात कुठेतरी छापलेला असला पाहिजे. तो आहे का, हे तू पाहिलंयस का?

नसशील पाहिलंस. दोष देत नाही. विम्याचं पान तुझ्या टीमकडे, पत्रकाची पीडीएफ दुसऱ्या टीमकडे, ग्राहकाचा फोन तिसरीकडे, वसुली चौथीकडे. तुझ्या सगळ्या प्रश्नाची मेख मला इथेच दिसते. तुमच्या कंपनीत कुणी दुष्ट माणूस बसलाय असं तुझ्या पत्रावरून वाटत नाही. मॅनेजरही बहुधा घराचे हप्ते भरणाराच माणूस असेल. पण फायदा पहिल्या दिवशी तुमच्या डॅशबोर्डवर मोजला जातो आणि तोटा दोन महिन्यांनी दुसऱ्या कुणाच्या तरी डॅशबोर्डवर. चाचणी दोन आठवड्यांची. मावशींचा पहिला हप्ताच महिन्यानं आहे! पैसे कमी का आले, रद्द कसं करायचं, मला न विचारता का कापले, असले फोन येईपर्यंत तुमची चाचणी ‘यशस्वी’ म्हणून बंद झालेली असते, आणि कुणीतरी त्यावर केकही कापलेला असतो.

‘लोकांना हवाय म्हणून घेतात’ हे वाक्य म्हणूनच टिकत नाही. किराणावाल्यानं न विचारता पिशवीत साबणाची वडी टाकली आणि गिऱ्हाइकानं घरी जाईपर्यंत पिशवी उघडली नाही, तर साबणाला मागणी वाढली असं कुणी म्हणत नाही.

कायद्याचं बोलायचं तर तुला वाटतंय त्यापेक्षा तुझी बाजू भक्कम आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे वापरणाऱ्याला चकवून हवं ते करून घेणारी स्क्रीनची मांडणी, रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘डार्क पॅटर्न’ हा शब्द २०१० मध्ये हॅरी ब्रिगनल या ब्रिटिश डिझायनरनं रूढ केला, म्हणजे तुझ्याच धंद्यातल्या माणसानं धंद्याला नाव ठेवलं. या तत्त्वांच्या परिशिष्टात असले १३ प्रकार उदाहरणांसकट दिलेत. न विचारता खरेदीत भर घालणं हा त्यातला एक, आणि त्याचं उदाहरण म्हणजे विमानाच्या तिकिटासोबत आपोआप जोडला जाणारा प्रवास विमा. नाही म्हणणाऱ्याला लाजवणं हा दुसरा. त्याचं उदाहरण वाचून तू खुर्चीतून उठशील: तिकीट काढताना विमा नको म्हणणाऱ्यासाठी ‘मी असुरक्षितच राहीन’ असा मजकूर. तुझ्या मॅनेजरनं सुचवलेलं वाक्य याचं सख्खं भावंड आहे, फक्त जास्त आगाऊ. हवा तो पर्याय उठावदार आणि नको तो फिकट करून नजरेआड करणं, हा तिसरा. म्हणजे एका पानात तिन्ही. शिवाय जून २०२५ मध्ये याच प्राधिकरणानं ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत आपापली तपासणी करून घ्यायला सांगितलं होतं, तेव्हा ‘हे कोण बघतंय’ असं म्हणायची सोय आता फारशी उरलेली नाही.

पण हा कायदा हातात घेऊन सोमवारच्या मीटिंगमध्ये भाषण ठोकू नकोस. चार लोकांसमोर मॅनेजरला कायदा शिकवलास तर पुढचे सहा महिने तुझ्या प्रत्येक स्क्रीनला खोट निघेल. सिलिकॉन व्हॅलीतून मोठ्या पदांवरून बाहेर पडून तंत्रज्ञानाच्या दुष्परिणामांवर बोलणाऱ्यांची व्याख्यानं तू ऐकली असशील. चांगली असतात ती, मीही ऐकते. पण गृहकर्ज चालू असलेल्या आणि अप्रायझल तोंडावर आलेल्या माणसाला त्यातून सोमवारसाठी काही मिळत नाही.

तू एक मेल कर. मॅनेजरला, आणि प्रतीत कम्प्लायन्सला, म्हणजे कंपनी नियम पाळते का ते बघणाऱ्या विभागाला. भाषा प्रश्नाची ठेव, आरोपाची नाही. साधारण असं लिही: ‘विम्याचं नवं पान करतेय. दोन गोष्टी खात्री करून घ्यायच्या होत्या. विम्याची रक्कम आपण की फॅक्ट स्टेटमेंटमधल्या एपीआरमध्ये धरतो ना? आणि आधी टिक केलेला पर्याय आणि ‘नको’वरचा मजकूर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बसतो का, हे एकदा बघून सांगाल का? मग मी फायनल करते.’ एवढंच. विशेषणं नकोत, ‘मला वाईट वाटतं’ नको. सोनारानं कान टोचलेले बरे, आणि इथे सोनार म्हणजे कम्प्लायन्सवाला. तुमचं अ‍ॅप नुसतं मधलं असेल आणि पैसे मागच्या एखाद्या एनबीएफसीचे, म्हणजे बँक नसलेल्या वित्त कंपनीचे असतील, तर अ‍ॅपनं केलेल्या उद्योगाची जबाबदारी रिझर्व्ह बँक त्या एनबीएफसीवरच ठेवते. त्यामुळे तिकडची माणसं असल्या मेलला तुझ्या मॅनेजरपेक्षा जास्त घाबरतात. उत्तर ‘चालतंय, कर’ असं आलं तरी तो मेल तुझ्याकडे राहतो. तो जपून ठेव.

दुसरं काम थोडं मेहनतीचं, पण मला विचारशील तर खरं डिझाइन तेच. कस्टमर केअरमधल्या कुणाशी तरी चहा घे. विमा घेतलेल्यांपैकी किती जण महिनाभरात ‘हे काय कापलंय’ म्हणून फोन करतात, किती रद्द करतात, अ‍ॅपला एक तारा देताना किती जण विम्याचं नाव घेतात, तेवढं काढ. एक फोन हाताळायला कंपनीला किती खर्च येतो तेही विचार, केअरवाल्यांकडे तो आकडा असतो. आणि पुढच्या आढाव्यात विमा घेणाऱ्यांच्या वाढलेल्या आकड्याशेजारी हे आकडे ठेव. त्याच स्लाइडवर, शेजारच्या खान्यात. वेगळी स्लाइड केलीस तर वेळ संपला म्हणून ती गाळली जाईल. दोन आठवड्यांची चाचणी कर्जाचे दोन मासिक हप्ते जाईपर्यंत वाढवायला सांग. ही मागणी नीतीची नाही, मोजमापाची आहे. त्यामुळे तिला नाही म्हणताना समोरच्याला कारण द्यावं लागतं.

उशिरा येणारं बिल किती मोठं असू शकतं याचं उदाहरण हवं असेल तर अ‍ॅमेझॉनचं सांग, मॅनेजर लोकांना मोठी नावं पटकन पटतात. प्राइमची वर्गणी बंद करायची वाट कंपनीनं इतकी लांबवली होती की आत तिला ‘इलियड’ म्हणायचे, होमरच्या त्या लांबलचक युद्धकाव्यावरून. चार पानं, सहा क्लिक, पंधरा पर्याय, असं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२३ च्या दाव्यात मोजून लिहिलं. सप्टेंबर २०२५ मध्ये तडजोड झाली. कंपनीनं चूक कबूल केली नाही, पण २५० कोटी डॉलर मोजले. त्यातले १५० कोटी ग्राहकांना परत करण्यासाठी. जे आकडे कधीकाळी कुणाच्या तरी डॅशबोर्डवर हिरवे दिसत होते, ते असे परत गेले.

आता तुझा मोठा प्रश्न. भल्याचं डिझाइन खरंच चालतं का?

चालतं, पण बहुतेक वेळा ज्या कारणानं आपल्याला वाटतं त्या कारणानं नाही. यूपीआयचंच बघ. त्यात ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ होती: समोरचा पैसे मागणार, तुम्ही पिन टाकला की पैसे गेले. ऑनलाइन जुना सोफा विकायला काढलेल्या माणसाला भामटा फोन करायचा, ‘पैसे पाठवलेत, पिन टाका म्हणजे खात्यात येतील.’ आणि माणसं टाकायची. भोळी म्हणून नाही. आलेले पैसे आणि मागितलेले पैसे यांची स्क्रीन घाईत सारखीच वाटायची म्हणून. मग काय, पोस्टर, एसएमएस, बँकांचे संदेश: पैसे घ्यायला पिन लागत नाही. २०१९ मध्ये अशा मागणीवर २,००० रुपयांची मर्यादा आली. आणि शेवटी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसानं माणसाकडे असे पैसे मागायची सोयच बंद केली. इतकी वर्षं वापरणाऱ्याला शहाणं करण्यात घालवली आणि मग स्क्रीन बदलली. मला यातलं बंद करणं आवडतं, लागलेला वेळ नाही. पण तू एक लक्षात घे: ती सोय काढल्यानं कुणाचं टार्गेट बुडत नव्हतं. टार्गेट असतं तर आणखी पाच वर्षं आपण पोस्टरच वाचत बसलो असतो, असा माझा अंदाज आहे.

उलट बाजूचं उदाहरण भाजीवालीच्या गाड्यावर आहे. तो बोलणारा स्पीकर, साउंडबॉक्स. हात मातीचे, समोर चार गिऱ्हाइकं, फोन कमरेच्या पिशवीत. गिऱ्हाईक खोटा स्क्रीनशॉट दाखवून निघून जायचं. आता डबा मोठ्यानं सांगतो किती आले. कंपन्या त्याचं महिन्याचं भाडं घेतात, म्हणजे धर्मादाय काही नाही. पण भाडं दर महिन्याला मिळायचं असेल तर डबा दर महिन्याला खरा उपयोगी पडला पाहिजे. नाहीतर ती तो परत करते. इथे कंपनीचा फायदा आणि तिचा फायदा एकाच दिवशी मोजला जातो. तुमच्या विम्यात पैसे घेणारा आज घेतो आणि देणाऱ्याला कळतं पुढच्या महिन्यात. नफा हवाय म्हणून कुठलीही कंपनी वाईट ठरत नाही. तो कधी आणि कुणाला न कळता मोजला जातो, ते बघायची सवय लाव. पुढची नोकरी बघतानाही मुलाखतीत हेच विचार: तुमच्या टीमचं यश कुठल्या आकड्यावर ठरतं, आणि तो आकडा किती दिवसांनी बघता? उत्तर देताना समोरचा अडखळला तर समजून जा.

नियमानं हे जमवता येतं, याचाही दाखला आहे. कार्डावरून दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेनं २४ तास आधी सूचना देणं सक्तीचं केलं. तेव्हा केवढी ओरड झाली होती, धंदा बुडणार, ग्राहक वैतागणार. धंदा चालू आहे. आणि तो मेसेज वाचून नको असलेली वर्गणी बंद करणारी माझ्या ओळखीत पुष्कळ माणसं आहेत.

राहिलं तुझं करडं बटण. ते वाक्य मात्र तू लिहू नकोस. बाकी सगळ्यात घासाघीस कर, रंग, जागा, आकार, पण ‘मला घरच्यांची काळजी नाही’ हे तुझ्या हातानं मराठीत उतरवू नकोस. मुलांच्या फीसाठी, दवाखान्यासाठी किंवा शिलाई मशीनसाठी कर्ज काढणाऱ्या बाईला हे वाचायला लावायचं, तेही तिच्या भाषेत, हे कुठल्याही टार्गेटपेक्षा हलकं काम आहे. पर्याय तयार ठेवून जा, नुसता नकार नेऊ नकोस. ‘विमा हवा (₹७९९)’ आणि ‘विमा नको’, दोन्ही एकाच आकाराची, एकाच रंगाची, कुठलीच आधी निवडलेली नाही. आणि वर एक ओळ: ‘विमा घेतला तर खात्यात १९,२०१ रुपये जमा होतील. नको असेल तर २०,०००.’ या एका ओळीनं मावशींचा फोन वाचला असता. विमा घेणारे कमी होतील, हे मॅनेजरला आधीच सांगून टाक. उरतील ते रद्द करायला फोन करणार नाहीत, हेही सांग.

पान झालं की मावशींना दाखव. ‘समजलं का?’ विचारू नकोस, त्या हो म्हणतील, आपल्याकडे सगळेच म्हणतात. फोन त्यांच्या हातात दे आणि विचार, ‘मावशी, खात्यात किती येणार? आणि एकूण परत किती द्यायचेत?’ उत्तर चुकलं तर पान चुकलंय. ते ऐकताना सांगायची फार इच्छा होईल, पण गप्प बस. ऑफिसात तुम्ही जे संशोधन म्हणून करता त्यातलं निम्मं यात होऊन जातं.

नोकरी आज सोडू नकोस. तू गेलीस तर ते बटण जो कुणी करेल तो मेल पाठवणार नाही. शिवाय आई म्हणते त्यात तथ्य आहे, हप्ता थकला की माणूस पुढच्या ठिकाणी याहून वाईट अटींवर हो म्हणतो. पण बायोडेटा याच महिन्यात नीट करून ठेव आणि चार-सहा महिन्यांचे हप्ते बाजूला पडतील असं बघ. हातात पर्याय असलेल्या माणसाचा आवाज मीटिंगमध्ये वेगळा लागतो. मेलला उत्तरच आलं नाही, आकड्यांचा खाना स्लाइडवरून दोनदा उडाला, आणि ते वाक्य दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं, तर शोधायला लाग.

एका गोष्टीला मात्र हे सगळं लागू नाही. वसुली सुधारायची म्हणून ग्राहकाच्या फोनमधले संपर्क, फोटो किंवा कॉलची यादी मागणारी स्क्रीन कर, असं उद्या कुणी सांगितलं तर मेल, चहा, स्लाइड यातलं काही करत बसू नकोस. २०२० पासून काही अ‍ॅपवाल्यांनी असेच नंबर काढून कर्जदारांच्या नातेवाइकांना, शेजाऱ्यांना फोन केले, फोटो बिघडवून पाठवले, माणसं जिवानिशी गेली. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेनं फोनमधल्या या गोष्टींना हात लावायला मनाई केलीय. तसं काम आलं तर त्या दिवशी राजीनामा दे, आणि आईला म्हणावं, मला फोन कर, मी बोलते त्यांच्याशी.